पोर्शे ९११ टर्बो एस की मॅक्लारेन ७२०एस: पिकअप नक्की कुणाचा?

गिअरवेडा

दोन मित्रांच्या वादात मध्यस्थी करायला गेलो आणि आता दोघंही माझ्याशीच भांडतायत. म्हणून हा धागा.

गाड्या दोन. पोर्शे ९११ टर्बो एस, ९९२ पिढीतली, २०२० साली आलेली. आणि मॅक्लारेन ७२०एस, २०१७ची. कंपन्यांनीच जाहीर केलेले आकडे बघा: पोर्शे ० ते १०० किमी/तास २.७ सेकंदांत, ० ते २०० ८.९ सेकंदांत. मॅक्लारेन अनुक्रमे २.९ आणि ७.८. म्हणजे शंभराला पोर्शे ०.२ सेकंदांनी पुढे आणि दोनशेला मॅक्लारेन चक्क १.१ सेकंदांनी पुढे.

एकाचं म्हणणं, पिकअप म्हणजे ०-१००, बाकी सगळी सारवासारव. दुसऱ्याचं म्हणणं, शंभर तर कुणीही गाठतं, खरी गाडी त्यानंतर कळते. मला दोघांचंही पटतं, त्यामुळे दोघंही चिडलेत.

माझा प्रश्न असा की दोन्ही एकाच रेषेवरून एकाच क्षणी सोडल्या, तर मॅक्लारेन पोर्शेला कुठे गाठते? आणि पिकअप म्हणून एकच आकडा सांगायचा झाला, तर कोणता सांगावा?

बाराभानगडी

दोघांपैकी कुणाकडे यातली एखादी गाडी आहे का? नसेल तर वाद बराच काळ रंगेल, शुभेच्छा.

गिअरवेडा

एकाकडे सायकल आहे. दुसऱ्याने विकली.

चाकोरीबाहेर

या वर्गातल्या गाड्यांत ०-१०० ही इंजिनाची परीक्षा नसतेच. २.७ सेकंदांत शंभर म्हणजे सरासरी त्वरण १०.३ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाहूनही किंचित जास्त. एवढा जोर जमिनीवर उतरवताना आधी टायरची पकड संपते, इंजिनाची ताकद शिल्लकच राहते. पोर्शेची ६५० अश्वशक्ती घ्या नाहीतर मॅक्लारेनची ७२०, पहिल्या गिअरमध्ये टायरला झेपेल त्यापेक्षा जास्त जोर दोन्हींकडे आहे. इलेक्ट्रॉनिक्सचं त्या वेळी मुख्य काम ताकद रोखून धरण्याचं असतं.

पोर्शेला इथे दोन गोष्टी साथ देतात. तिचं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेलं आहे आणि ताकद चारही चाकांना जाते. गाडी सुटली की भार मागे सरकतो, मागचे ३१५ मिमी रुंदीचे टायर आणखी दाबले जातात, आणि त्यांना न झेपणारा जोर पुढची चाकं ओढून घेतात. मॅक्लारेनचं इंजिन चालकाच्या पाठीशी पण ॲक्सलच्या पुढे, आणि सगळा मामला मागच्या ३०५ मिमीच्या दोन टायरांवर. तरीसुद्धा ती फक्त ०.२ सेकंदांनी मागे आहे, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

मंदगती

चाकोरीबाहेर यांना दुजोरा. फॉर्म्युला वनच्या गाडीचंच बघा ना. पोर्शेच्या निम्म्याहूनही कमी वजन आणि ताकद कितीतरी जास्त, तरी शंभरला साधारण अडीच सेकंदांच्या आसपास घेते. जोर फक्त मागच्या चाकांना आणि कमी वेगात पंखांचा दाब नगण्य, मग करणार काय? वेग वाढल्यावर मात्र तिच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहत नाही.

रबरजळे

माफ करा, पण धाग्याचा पायाच कच्चा आहे. पोर्शेवाले आकडे हात राखून देतात, हे जगजाहीर आहे. 'कार अँड ड्रायव्हर'ने याच टर्बो एसला ०-६० मैलांसाठी २.२ सेकंद मोजले आणि पाव मैल १०.१ सेकंदांत. कुठे २.७ आणि कुठे २.२! कंपनीच्या कागदावर भांडायचं कशाला, मोजलेले आकडे घ्या की.

न्यूटनचा_शेजारी

रबरजळे, थांबा थोडं. ६० मैल म्हणजे ९६.६ किमी. उरलेल्या ३.४ किमीसाठी या गाडीला जेमतेम ०.१ सेकंद लागतो, पण लागतो.

दुसरी गोष्ट मोठी आहे. बरीच अमेरिकी नियतकालिकं पहिल्या एका फुटाचा वेळ धरतच नाहीत. ही ड्रॅग स्ट्रिपची, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतींच्या पट्ट्याची, जुनी पद्धत. तिथे पुढचं चाक प्रकाशाच्या किरणात उभं असतं आणि ते किरणातून बाहेर पडल्यावर घड्याळ सुरू होतं. तोवर गाडी साधारण फूटभर सरकलेली असते, म्हणून नाव 'रोलआउट'. एक फूट म्हणजे ३०.५ सेंटिमीटर. १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या, त्वरणाने ते कापायला पाव सेकंद जातो, आणि घड्याळ सुरू होताना गाडी जवळजवळ ९ किमी/तास वेगात आलेली असते! म्हणजे मैलांत ते ०-६० नसून साधारण ५.५-६० झालं.

हे दोन्ही हिशेब धरले तर २.२चे साधारण २.५५ होतात. कंपनीच्या २.७ पेक्षा कमीच आहेत, त्यामुळे 'हात राखून' हे तुमचं म्हणणं खरं ठरतं. पण फरक अर्ध्या सेकंदाचा नाही, दीड दशांशाचा आहे. तुलना करताना दोन्ही गाड्यांना एकच पट्टी लावा, एवढंच माझं म्हणणं. एकीचा कंपनीचा आकडा आणि दुसरीचा मासिकाचा घेतला की कुणालाही जिंकवता येतं.

नुसतीवाचक

बापरे, फूटभर फुकट देतात? हे माहीतच नव्हतं. धागा वाचनखुणांत टाकलाय.

जुनंखोड

तुम्ही मंडळी दशांशांवर भांडताय. १९७५चा पहिला ९११ टर्बो आठवतो का कुणाला? ३ लिटरचं इंजिन, २६० अश्वशक्ती, गिअर फक्त चार. पाय दाबायचा, काहीच व्हायचं नाही, आणि मग वळणाच्या ऐन मध्यावर सगळं एकदम व्हायचं. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, फुगेपर्यंत वाट पाहणं हीसुद्धा चालवण्याची एक कला होती.

आणि ऑटोमॅटिकच्या नावाने नाकं मुरडणाऱ्यांसाठी: २००६च्या ९९७ टर्बोचं कंपनीचंच पत्रक काढून बघा. मॅन्युअल ३.९ सेकंद, टिपट्रॉनिक ३.७. पाच गिअरच्या साध्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकने सहा गिअरच्या मॅन्युअलला हरवलं. कारण सरळ आहे. ब्रेक दाबून धरून ऑटोमॅटिकमध्ये टर्बो आधीच फुगवता येतो, आणि गिअर बदलताना पाय उचलावा लागत नाही. त्याच गाडीपासून पोर्शेने पेट्रोल टर्बोमध्ये हलती पाती बसवली. कमी फेऱ्यांना पाती मिटतात, वायू अरुंद वाटेने जोरात टर्बाइनवर आदळतो, जास्त फेऱ्यांना उघडतात. डिझेलमध्ये ते आधीपासून होतं, पण पेट्रोलचा धूर कितीतरी गरम, त्यात पाती टिकवणं हे खरं काम.

बाराभानगडी

खोडकाका आले! आता धागा कार्ब्युरेटरपर्यंत जाणार.

जुनंखोड

कार्ब्युरेटरवर स्वतंत्र लेख लिहीन. तुला वाचायलाच लावीन.

अर्धाक्लच

यातल्या पोर्शेत शेजारच्या सीटवर बसण्याचा योग आला होता, बंद ट्रॅकवर. चालवली नाही, आधीच सांगून ठेवतो.

चालकाने स्पोर्ट प्लस मोड लावला, डाव्या पायाने ब्रेक करकचून दाबला आणि उजव्याने ॲक्सिलरेटर तळाला. इंजिन पाच हजार फेऱ्यांच्या आसपास जाऊन स्थिर झालं, गाडी जागच्या जागी थरथरायला लागली, समोर लाँच कंट्रोल (उभी गाडी जास्तीत जास्त जोरात सोडणारी यंत्रणा) चालू असल्याची अक्षरं. "डोकं मागे टेकवून ठेवा," असं त्यानं सांगितलं. मी टेकवलं होतं, पण पूर्ण नाही, बोटभर फट होती. ब्रेक सुटला आणि ती फट इतक्या जोरात बंद झाली की दात वाजले. चाकांचा आवाज नाही, धूर नाही, मागचा भाग हललासुद्धा नाही. मांडीवर ठेवलेली टोपी पोटावर आली आणि तिथेच चिकटून बसली. मी काही म्हणायच्या आत त्याने ब्रेक मारला होता.

मजा आली का? पहिल्यांदा प्रचंड. पण लगेच पुन्हा केलं तेव्हा अगदी तसंच झालं, सेम टू सेम. चालकाला करण्यासारखं त्यात काही उरलेलंच नाही, हे तेव्हा जाणवलं. मॅक्लारेनचा अनुभव असलेलं कुणी आहे का इथे?

फावल्यावेळी

अर्धाक्लच, मी ७२०एसमध्ये बसलोय, तोही ट्रॅकवरच आणि शेजारच्याच सीटवर. सुटताना ती एवढी शांत नसते. पहिल्या गिअरमध्ये मागची चाकं सतत घसरण्याच्या काठावर असतात, ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत राहतो आणि पार्श्वभाग किंचित इकडेतिकडे करतो. ताकद कापली जाते, परत मिळते, परत कापली जाते, हे पाठीला कळतं. डांबर थंड होतं म्हणून असेल.

पण तिसऱ्या गिअरपासून जे चालू होतं ना, ते काही वेगळंच. सगळ्या गाड्यांचा जोर वेगासोबत ओसरत जातो, इथे तो ओसरतोय असं वाटतच नाही. पुढची काच एवढी मोठी आणि खांब इतके बारीक की रस्ता अंगावर येतो. शंभरच्या आतली लढाई ती हरत असेल, तर हरू दे.

चाकोरीबाहेर

ते 'ओसरत नाही' वाटण्याचं कारण वजनात आहे. कार्बन फायबरचा सांगाडा, सगळी द्रव्यं भरून १४१९ किलो. पोर्शे १६४०. टनामागे मॅक्लारेनला ५०७ अश्वशक्ती, पोर्शेला ३९६. पकडीचा प्रश्न मिटला की ही तफावत उघडी पडते. पोर्शेची पुढच्या चाकांची सगळी यंत्रणा, जिने सुरुवातीला जिंकवलं, ती दीडशेच्या पुढे नुसतं ओझं.

न्यूटनचा_शेजारी

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, म्हणून कागद-पेन घेतलं. कंटाळा येणाऱ्यांनी सरळ शेवटच्या परिच्छेदावर उडी मारावी.

दोन्ही गाड्यांत ७५ किलोचा चालक धरला. १०० वरून २०० वर जाताना गतिज ऊर्जा किती वाढली ते काढायचं आणि लागलेल्या वेळाने भागायचं. पोर्शे: १७१५ किलो, वाढ १९.८५ लाख जूल, वेळ ६.२ सेकंद, म्हणजे सरासरी ३२० किलोवॉट. मॅक्लारेन: १४९४ किलो, वाढ १७.२९ लाख जूल, वेळ ४.९ सेकंद, म्हणजे ३५३ किलोवॉट. आता इंजिनांची कागदावरची ताकद बघा, ४७८ आणि ५३० किलोवॉट. भागाकार करा. दोन्हीकडे ६७ टक्के! कंपन्या वेगळ्या, इंजिनं वेगळी, चाकांची मांडणी वेगळी, आणि वेग वाढवण्याच्या कामी आलेला वाटा मात्र अगदी सारखा. उरलेला तिसरा हिस्सा हवेचा रोध, गिअर आणि टायरमधला तोटा, आणि इंजिन सदासर्वकाळ कमाल ताकदीच्या फेऱ्यांवर नसतं, यात गेला. दोन्ही कंपन्यांचे आकडे आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, याचा याहून चांगला पुरावा मला तरी सापडला नसता.

आता शर्यत. शंभरपर्यंत त्वरण एकसारखं धरलं आणि पुढे वरची सरासरी ताकद लावली. २.९ सेकंदाला, म्हणजे मॅक्लारेनचा काटा शंभरवर येतो तेव्हा, पोर्शे सुमारे ३ मीटर पुढे आहे. गाडीची लांबी साडेचार मीटर, म्हणजे एक गाडीसुद्धा नाही. त्यानंतर थोडा वेळ हे अंतर अजून वाढतं, कारण त्या क्षणी पोर्शेचा वेग जास्त असतो. मग वेग बरोबरीला येतात आणि अंतर मिटायला लागतं. साधारण ६.३ सेकंदांना, सुरुवातीपासून १७० मीटरच्या आसपास, दोन्ही बरोबरीत. मॅक्लारेन तेव्हा १७५ किमी/तास वेगात, पोर्शे १६५. तिथून पुढे सगळं एकतर्फी. पाव मैलावर, म्हणजे ४०२ मीटरवर, मॅक्लारेनला १०.३ सेकंद येतात, पोर्शेला १०.५ ते १०.६. मॅक्लारेनने स्वतः जाहीर केलेला पाव मैलाचा आकडाही १०.३च आहे, त्यामुळे हिशेब फार भरकटलेला नसावा. रेषेवर फरक साधारण १७ मीटर.

रबरजळे

हिशेब झकास, पण त्यात डांबर नाही. तुमच्या कागदावर मॅक्लारेन दर वेळी २.९ सेकंदांत शंभर गाठते. खऱ्या जगात टायर थंड असला, वर बारीक धूळ असली किंवा कालचा ओलावा असला की तिचे सहज साडेतीन होतात आणि पोर्शेला त्याची खबरही नसते. गाठायची जागा मग १७० मीटरवरून कुठच्या कुठे पळते. पुन्हा, मॅक्लारेनला कोणते टायर लावलेत? साधे पी झिरो, कोर्सा की ट्रोफेओ आर? ड्रॅग स्ट्रिपवर रबराचा थर बसवून चिकट केलेल्या पट्ट्यावर दोघींना सोडलं तर वेगळाच निकाल.

माझं मत: दहा वेगवेगळ्या दिवशी, दहा वेगवेगळ्या जागी शर्यत लावली तर पोर्शे जास्त वेळा जिंकेल. निदान पाव मैलापर्यंत.

न्यूटनचा_शेजारी

डांबराचं मान्य. पण दहातल्या जास्त वेळा पोर्शे, हे तुमचं मन बोलतंय. पाव मैलावर मॅक्लारेनकडे पाव सेकंदाची शिल्लक आहे. सुरुवात तेवढ्याने चुकली तर बरोबरी, त्याहून जास्त चुकली तरच हार. थंड ओलसर दिवशी तुमचं खरं. कोरड्या, तापलेल्या ट्रॅकवर नाही.

विजेचाझटका

इतका वेळ गप्प होतो, पण आता राहवत नाही. टेस्ला मॉडेल एस प्लेड. चार दारं, मागे तिघांना जागा, वजन दोन टनांहून जास्त, १०२० अश्वशक्ती. कंपनीच्या म्हणण्यानुसार पाव मैल ९.२३ सेकंद. तुमच्या दोन्ही गाड्या अजून गिअर बदलतायत.

बाराभानगडी

आला! कधी येतो याचीच वाट बघत होतो.

न्यूटनचा_शेजारी

प्लेडचे ते गाजलेले १.९९ सेकंदही रोलआउट वजा करूनच आहेत, तेवढं नोंदवून ठेवा. बाकी मुद्दा बरोबर. मोटरला फेऱ्या चढायची वाट बघावी लागत नाही आणि चाक घसरायला लागताच विद्युतप्रवाह जितक्या लवकर कमी करता येतो, तितक्या लवकर पेट्रोल इंजिनाला आवरता येत नाही. पकडीच्या काठावर टिकून राहण्यात विजेच्या गाडीचा हात कुणी धरणार नाही.

जुनंखोड

ती गाडी आहे की लिफ्ट?

विजेचाझटका

लिफ्ट असेल, पण तुमच्या आधी वर पोचते.

मंदगती

धागा परत रुळावर आणतो. हवेचा मुद्दा जरा निसटतोय. १०० वरून २०० ला जाताना हवेचा रोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. म्हणून न्यूटनरावांचा हिशेब २०० च्या पुढे ताणू नये. दोन्ही गाड्या तिथे कागदापेक्षा मंदावतील, कमी ताकदीची जरा जास्तच. कमाल वेगात तसा मोठा फरक नाही, पोर्शे ३३०, मॅक्लारेन ३४१.

नुसतीवाचक

एक शंका. या दोन्हींच्या पुढच्या आवृत्त्या आल्यात ना? त्यात तरी हा तिढा सुटला का?

चाकोरीबाहेर

नुसतीवाचक, चांगला प्रश्न. आणि नाही, सुटला नाही! मॅक्लारेन ७५०एस २०२३ला आली: ७५० अश्वशक्ती, ०-१०० २.८, ०-२०० ७.२. पोर्शेचा नवा टर्बो एस २०२५चा: ३.६ लिटर, हायब्रिड, विजेवर फुगणारे दोन टर्बो, ७११ अश्वशक्ती, ०-१०० २.५ आणि ०-२०० ८.४. वजन ८५ किलोने वाढून १७२५. म्हणजे शंभरला पोर्शेची आघाडी ०.२ वरून ०.३ झाली आणि दोनशेला मॅक्लारेनची १.१ वरून १.२. दोघांनीही आपापली बाजूच आणखी धारदार केली.

गिअरवेडा

सगळ्यांचे आभार. १७० मीटर आणि ६.३ सेकंद हे उत्तर छापून घेतोय. दुसऱ्या प्रश्नाचं काय पण? एकच आकडा सांगायचा तर?

चाकोरीबाहेर

१००-२००. त्यात सुटण्याची कसरत नाही, रोलआउटची फसवाफसवी नाही, पकडीचं निमित्त नाही. इंजिन आणि वजन, एवढंच उरतं.

रबरजळे

असहमत. सिग्नलपासून पुढच्या वळणापर्यंत जो आधी पोचतो त्याचा पिकअप. ०-१००. आणि मोजायचं कुठे तर ट्रॅकवर, हे सगळ्यांना कळतं असं गृहीत धरतो.

फावल्यावेळी

पाव मैलाचा वेळ आणि रेषा ओलांडतानाचा वेग, दोन्ही एकत्र. वेळावरून सुटणं कळतं, वेगावरून ताकद. एकच आकडा मागणं हीच चूक आहे.

अर्धाक्लच

चालत्या गाडीतून सोडल्या तर काय होईल? समजा दोघी १०० वर शेजारी शेजारी चाललेल्या आहेत आणि तिथून पाय दाबला.

न्यूटनचा_शेजारी

त्याच हिशेबाने, ४.९ सेकंदांनी मॅक्लारेन २०० वर, पोर्शे १८४च्या आसपास. मध्ये १३ मीटर, म्हणजे तीन गाड्यांची जागा.

रबरजळे

यात गिअर खाली उतरायला लागणारा वेळ धरलाय का? शंभरावर वरच्या गिअरमध्ये निवांत चाललेल्या गाडीत पाय दाबला तर आधी गिअर उतरणार, मग टर्बो फुगणार.

न्यूटनचा_शेजारी

नाही धरला. दोघांनी आधीच योग्य गिअर पकडून ठेवलाय असं मानलं. वरच्या गिअरमधून सोडल्या तर पहिला सेकंदभर कोण पुढे राहील हे गिअरबॉक्स आणि टर्बोवर ठरेल, आणि तिथे पोर्शेच्या त्या हलत्या पात्यांवर पैज लावायला माझी हरकत नाही. दुसऱ्या सेकंदापासून पुन्हा मॅक्लारेन.